पावट्यासाठी संध्याकाळ

आबा आणि बाबा फोनवर एकमेकांशी फक्त हवामानाबद्दल बोलत. रविवारी सकाळी बाबा कॉलिंग कार्डावरचा लांबलचक नंबर दाबत, रेकॉर्ड केलेली एक बाई कार्डावर किती मिनिटं शिल्लक आहेत ते सांगे, आणि मग वाईहून माझ्या आजोबांचा खणखणीत आवाज येई, "किती आहे तिकडं?" बाबा म्हणत, "उणे आठ." "उणे म्हणजे शून्याच्या खाली?" हे आबा प्रत्येक हिवाळ्यात नव्यानं विचारत आणि बाबा नव्यानं समजावत. मग बाबांचा प्रश्न, "तिकडं?" उत्तर "पाऊस आहे" किंवा "पाऊस नाही" यांपैकी एक. एवढं झालं की दोघंही मोकळे होत आणि फोन आईच्या हातात येई. आजी गेली त्या हिवाळ्यात बाबा एकटेच वाईला जाऊन आले. परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी आबा फोनवर म्हणाले, "थंडी आहे रे इथं." बाबा पुष्कळ वेळ नुसतं "हो, असणारच" म्हणत राहिले. वाईला थंडी ती काय असणार! पण फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी आबांना अमेरिकेत आणायचं ठरवलं.

आम्ही श्रूजबरीत राहत होतो. मॅसॅच्युसेट्समधलं हे टेकड्यांवरचं गाव आपल्याला चार ऋतू आहेत असं सगळ्यांना सांगतं, पण खरं म्हणजे हिवाळा आणि त्याची दुरुस्ती असे दोनच असतात. एप्रिलात बर्फ वितळतो आणि चिखल होतो. मग एक दिवस अचानक सगळीकडे इतकं हिरवं होतं की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. जून-जुलैत रात्रीची जेवणं आटोपून भांडी घासून झाली तरी बाहेर उजेड रेंगाळत असतो, कुठेतरी गवत कापायचं मशीन चालू असतं, आणि आपण झोपायचं की नाही हे कळत नाही. मी तेव्हा मिडल स्कूलमध्ये होते आणि घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देण्याच्या वयात होते. आज हे मराठीत लिहिते आहे, यात त्या एका उन्हाळ्याचा वाटा बराच आहे.

आबा एप्रिलात आले. माकडटोपी, त्यावर मफलर, आणि स्वेटरवर स्वेटर. विमानतळाच्या पार्किंगच्या कोपऱ्यात लोटून ठेवलेला, मातीनं काळा पडलेला बर्फाचा शेवटचा ढीग होता. त्याकडे बघून म्हणाले, "हा बर्फ? काळा असतो?" त्यांची सारी नोकरी वाईच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून झाली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली किती उशिरा, हे माईकवर सांगण्यात हयात गेलेली, त्यामुळे घरातसुद्धा ते बोलत नसत, घोषणा करत. "सुनबाई, चहा लागलाय का?" असं ते फलाटाच्या सुरात विचारत. आमची स्कूलबस कोपऱ्यावर यायची तेव्हा ते गॅरेजपुढे खुर्ची टाकून मनगटावरच्या घड्याळात बघत बसत. "दोन मिनिटं लेट," मला सांगत, जणू मी पुढे वरिष्ठांना कळवणार होते. त्या रस्त्यावर दिवसभरात घडणारी तेवढी एकच गोष्ट होती. बाकी माणूस नाही, फेरीवाला नाही, गाय नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी आईला विचारलं, "इथली माणसं गावाला गेलीत का?"

सामानात आबांनी कांदा-लसूण मसाला आणला होता, आणि कोटाच्या आतल्या खिशात रुमालाची एक गाठ. तिच्यात पावट्याचं बी होतं. वाईच्या घरामागे कुंपणावर त्यांचा पावटा चढायचा; दर वर्षी त्यातलंच बी धरायचं आणि पुढच्या मृगात टाकायचं, असं त्यांच्या वडिलांपासून चाललेलं. विमानतळावर खाण्याचं काही आणलंय का, असं विचारल्यावर आबा मराठीत म्हणाले होते, "खाण्याचं नाही बाई, पेरण्याचं आहे." समोरच्या बाईनं हसून जायची खूण केली. बाहेरून बियाणं आणायला इथे बंदी; बाबांना हे ऐकून घाम फुटला. आबांच्या मते त्यांनी अगदी खरं ते सांगितलं होतं.

आता अक्षय्य तृतीया. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मूळचे नागपूरचे होते आणि आम्ही मुलं त्यांना नुसतं अध्यक्षकाका म्हणायचो. गणपती, दिवाळी आणि संक्रांत हाताशी असूनही त्यांना वर्षभर काहीतरी उद्‌घाटन करावंसं वाटे. त्या वर्षी त्यांना सामूहिक बीजारोपणाची कल्पना सुचली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्या दिवशी जमिनीत घातलेलं कधी वाया जात नाही, तर प्रत्येक मराठी कुटुंबानं आपापल्या बॅकयार्डात आळी करून वेल लावावेत. आणि मुख्य सोहळा आमच्याकडे, कारण आबांसारखे ज्येष्ठ पाहुणे आमच्याकडे होते. अध्यक्षकाका सिल्कच्या झब्ब्यात आले. बाह्यांच्या आतून थर्मल डोकावत होतं. समई लावली ती वाऱ्यानं विझवली, पुन्हा लावली, पुन्हा विझवली. तिसऱ्या खेपेला त्यांनी वात पेटली आहे असं गृहीत धरून भाषण सुरू केलं. मातृभूमी, मृत्तिका, मुळं वगैरे सगळं झालं. हिरवळ अजून इतकी गार होती की बायका मोज्यांतल्या मोज्यांत पाय चोळत उभ्या होत्या. आईनं मात्र समई लावायच्या आधीच सांगून बघितलं होतं. ती गावातल्या एका डे-केअरमध्ये काम करायची आणि तिथल्या प्रत्येक बाईनं तिला हेच सांगितलं होतं की मेअखेरची मेमोरियल डेची सुट्टी झाल्याशिवाय इथे कुणी बाहेर काही लावत नाही.

"त्यांच्याकडं पंचांग नाही," अध्यक्षकाका म्हणाले.

"त्यांच्याकडं थर्मामीटर आहे, भाऊजी," आई म्हणाली. पण तिला आपल्या स्वयंपाकघरात गरम उपमा वाढायचा होता, म्हणून तिनं तेवढ्यावर सोडलं.

आबांनी निम्मं बी आधीच भिजवून, फडक्यात बांधून, फ्रिजवरच्या ऊबेत ठेवून मोड आणले होते. ते मुहूर्तावर लावलं, उरलेलं कोरडंच गाठीत ठेवलं. त्यानंतर असा उबदार आठवडा आला की सगळं खरं वाटावं. दोन-दोन पानांची रोपं वर आली, आबा रोज सकाळी त्यांच्याशी फलाटाच्या आवाजात बोलू लागले, आणि अध्यक्षकाकांनी मंडळाच्या ई-मेलवर फोटो पाठवला. मग मे महिना सरता सरता एका सकाळी दंव गोठून गवत पांढरं झालं होतं. उन्हं आल्यावर पांढरेपणा गेला आणि रोपं उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी काळी, मऊ पडली. गावातल्या सगळ्याच मराठी बॅकयार्डांत त्या दिवशी एकाच वेळी सुतक आलं. अध्यक्षकाकांनी ई-मेल पाठवली की मुहूर्त बरोबर होता, हवामान चुकलं.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी विषय काढला, कदाचित त्यांना वाटलं असेल की आबांचं मन दुसरीकडे वळवावं. "आबा, व्हिसा एक्स्टेंड करता येतो. सहा महिने अजून. मग परत बघू. तिथं एकट्यानं राहून करणार काय?"

"एकटा कुठं? स्टँडवर सगळे ओळखतात मला."

"रिटायर होऊन किती वर्षं झाली तुम्हाला!"

"म्हणून गाड्या थांबल्या काय?"

बाबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मग आबांनी बाहेर, वाफ्याच्या दिशेनं बघितलं. "हे बघ," ते म्हणाले, "निम्मं बी आहे अजून. माझा पावटा इथं लागला तर मीही राहतो. नाही लागला तर ऑक्टोबरचं तिकीट आहे, त्या गाडीनं मी जाणार."

"नक्की?"

"मी कधी फलाट बदलून सांगितलाय का?"

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी हे बोलणं दोन्ही पक्षांनी सही केलेल्या करारासारखं घेतलं. ज्या माणसानं तोवर गवत कापायलासुद्धा शेजारच्या मुलाला पैसे दिले होते, तो मेमोरियल डेच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी गुडघ्यांवर बसून आळी करत होता. उरलेलं बी जमिनीत गेलं. ते रुजलं आणि वाढलं. जुलैपर्यंत पावटा डेकच्या कठड्यावर चढला, तिथून पन्हळीच्या पाइपवर, पाइपावरून माझ्या खिडकीपर्यंत. सकाळी जाग आली की काचेवर त्याची तीन-तीन पानं चिकटलेली असत. आबा आणि बाबा रोज संध्याकाळी वेलाखाली उभे राहून पानं खाणारे जपानी भुंगे वेचत आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकत. दोघं काय बोलत ते मी खिडकीतून ऐकायचे. "आज दमट आहे." "हो, थंडरस्टॉर्म आहे म्हणे उद्या." बाकी काही नाही. पण फोनवर जे दोन मिनिटांत संपायचं, ते इथे तासभर चाले.

फूल मात्र एकही येईना. ऑगस्ट उजाडला. शेजाऱ्यांचे टोमॅटो लाल झाले, आईच्या मिरच्या लागल्या, आणि पावटा नुसता पानांचा डोंगर. बाबांनी आधी खत घातलं, मग खत जास्त झालं असं वाचून पाणी घातलं, मग पाणी तोडलं. शेवटी इंटरनेटवर कुठेतरी त्यांना उत्तर सापडलं आणि ते जिना उतरत ओरडतच आले. पावट्याला फूल येण्यासाठी दिवस लहान व्हावा लागतो. वाईत तो हिवाळ्याच्या तोंडाला फुलतो, कारण तेव्हा लवकर अंधारतं. इथे ऑगस्टातही जेवणानंतर उजेड. लहान दिवस सप्टेंबरात येणार, आणि मागोमाग थंडी.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे त्याला अजून संध्याकाळच झालेली नाही," ते म्हणाले.

"मग आपण करू संध्याकाळ," बाबा म्हणाले.

माझे वडील प्रोग्रामर होते आणि जगातली कुठलीही अडचण म्हणजे दिलेल्या इनपुटमधली चूक, असं त्यांचं मत होतं. त्यांनी कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या कापून, चिकटपट्टीनं जोडून एक झूल केली. ऑफिसातून लवकर घरी येऊन, भरउन्हात, ते वेलाचा डेककडचा कोपरा तिच्याखाली झाकून टाकत आणि सकाळी उठल्याबरोबर उघडत. अख्खा वेल झाकणं शक्य नव्हतं; एका कोपऱ्यापुरता हिवाळा त्यांनी आणला. पलीकडच्या घरातली म्हातारी बाई एकदा कुंपणापाशी येऊन, सगळं ठीक आहे ना, असं फार सभ्यपणे विचारून गेली. अध्यक्षकाका आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काय यार, पावट्याला अंगाई म्हणताय का?" आबांचा चेहरा गंभीर. "म्हणतो. तुमचं भाषण लावू का? लवकर झोपेल."

आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, झुलीखालच्या कोपऱ्यात, जांभळट पांढऱ्या फुलांचा एक तुरा आला. बाकी वेल तसाच ढिम्म. बाबांनी आईला आणि मला हाताला धरून बाहेर नेलं. आबा फुलाजवळ वाकले, चष्मा वर केला, खाली केला. "लागला नाही अजून," ते म्हणाले. "फुललाय." पण त्या दिवसापासून ते शाळेची बस बघायला बसेनात. माझ्या तेव्हा ते फक्त लक्षात आलं, अर्थ लागला नाही. मला वाटलं, ते खूश आहेत.

शेंगा धरल्या, चपट्या, बोटभर. आजूबाजूची मेपलची झाडं लाल-पिवळी होत होती, लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते, आणि आमच्या घरात टीव्हीवर फक्त हवामान चालू होतं. बाबांनी एक्स्टेंशनचे कागद भरून फ्रिजवर ठेवले होते, आबांची सही तेवढी बाकी होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी टीव्हीवर पट्टी आली: आज रात्री दंव गोठणार. बाबा ऑफिसमधून निघून आले. अंधार पडायच्या आत झाकायचं होतं. आईनं पलंगावरच्या चादरी दिल्या, मग कपाटातल्या जुन्या साड्या, शेवटी माझी रजई. बाबा शिडीवर, आबा खालून कापडं देत, मी चिमटे लावत होते, आई दिवाळीच्या दिव्यांच्या माळा आत सोडत होती, तेवढीच ऊब म्हणून. हात गारठले होते. आबा खालून घोषणा करत होते, "डावीकडं फट आहे! डावीकडं! अजून वर!" दिवे लागले तेव्हा आमच्या घराच्या कोपऱ्यावर नऊवारी-पाचवारीचा एक भलामोठा उजळलेला तंबू उभा होता. रस्त्यानं जाणारी एक गाडी हळू झाली आणि मग पुढे गेली. बाबा शिडीवरून उतरले आणि आबांच्या खांद्यावरचा मफलर सरळ केला. त्यांनी आबांना हात लावलेला मी क्वचितच पाहिला होता.

सकाळी गवत पांढरं होतं. माझ्या खिडकीवरची पानं काळी पडून काचेवर लोंबत होती. आम्ही कापडं काढली. आतला कोपरा हिरवा होता, आणि शेंगा जशाच्या तशा, थोड्या दमट, आत दाणे भरलेले.

"लागला," बाबा म्हणाले. "आबा, लागला!"

"लागला की," आबा म्हणाले. त्यांनी एक शेंग तोडून सोलली, दाणा अंगठ्यानं दाबून बघितला, आणि आईला हाक मारली. "सुनबाई, चाळण आण. सगळ्या काढू."

"सगळ्या?" आई म्हणाली. "बियाला थोड्या राहू देत ना वेलावर."

"नको. बी नाही उतरायचं इथं. दाणा भरतो, पण वाळायला वेळ कुठाय? थंडी थांबत नाही तेवढी."

दुपारी पावट्याची आमटी झाली, कांदा-लसूण मसाला घालून. भाकरीचं पीठ लांबच्या आयसेलिनमधल्या देशी दुकानातून आणलेलं, जुनं, त्यामुळे भाकऱ्या काठाला फाटल्या होत्या. इतक्या महिन्यांच्या खटाटोपातून प्रत्येकाच्या वाट्याला एक-एक वाटी आली. आम्ही हळूहळू जेवलो. मी इंग्रजीत म्हणाले की छान झालीय, आबा मराठीत म्हणाले, "मग वाटी पुस भाकरीनं." बाबांनी मात्र दोन घास खाल्ले आणि थांबले. ते बाहेरच्या मोकळ्या वेलाकडे बघत होते. आबांनी एकही शेंग मागे ठेवली नव्हती. ज्या माणसानं जन्मभर एका हंगामातून दुसऱ्या हंगामाची सोय केली होती, त्यानं इथल्या पुढच्या हंगामासाठी काहीच ठेवलं नव्हतं.

जेवण झाल्यावर आबांनी हात धुतले, पुसले, आणि स्वतःच म्हणाले, "आण ते कागद. सही करतो."

"आबा, तुमची इच्छा आहे का पण?"

"इच्छेचं काय? शब्द दिलाय. पावटा लागला." त्यांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं.

बाबा उठले. मला वाटलं कागद आणायला उठले. ते फ्रिजसमोरून तसेच पुढे गेले, गॅरेजचं दार उघडलं, आणि आबांची निळी बॅग घेऊन आले. ती त्यांनी टेबलाशेजारी उभी केली, मग बाथरूममधून वजनकाटा आणून तिच्या बाजूला ठेवला.

"तिकीट मी कॅन्सल केलंच नव्हतं," बाबा म्हणाले. "वजनाचं आजच बघून ठेवू. मंडळी काय काय देतील तुमच्याबरोबर."

आबांनी पेनाला टोपण लावलं. मग ते म्हणाले, "वाईला आता हवा चांगली असेल. पाऊस उघडला असेल."

"हो," बाबा म्हणाले. "उघडला असणार."

त्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला तेव्हा बाबांनी रविवारची वाट न बघता फोन लावला. "पडला का? पांढराय ना?" आबांनी विचारलं. पुढची काही वर्षं त्यांचे फोन तसेच चालले, फक्त लांबले.

आता मी अल्फारेटाला राहते. जॉर्जियात उन्हाळा ओसरता ओसरत नाही; पावटा इथे फुलतो, भरतो, आणि वेलावरच खडखडीत वाळतो. बी धरून उरतं. मागच्या वर्षी आई गेली, आणि मी बाबांना श्रूजबरीहून इकडे आणलं. कायमचं यायचं, असं मी दोन-तीनदा बोलले. घर विकू, तिथं बर्फ कोण काढणार, वगैरे, सगळी मुलं बोलतात ते. बाबा "बघू" म्हणाले. ऑक्टोबरात मी पावट्याची आमटी केली. ते खिडकीशी बसून जेवत होते, बाहेर ऊन होतं, पंखा चालू होता, आणि वेलावर शेंगाच शेंगा. मी म्हटलं, "बाबा, बघा किती लागलाय. आवडतंय ना इथं?"

"छान आहे," ते म्हणाले. त्यांनी भाकरीनं वाटी पुसली. मग फोन काढून बोटानं काहीतरी वर-खाली केलं, चष्मा वर केला, खाली केला. "श्रूजबरीत आज फ्रॉस्ट वॉर्निंग आहे," ते म्हणाले. "शेजारणीला सांगायला हवं, कुंड्या आत घे म्हणून."

मी उठले आणि त्यांची बॅग काढली.